स्त्रियांचें आरोग्य : निमूटपणें सोसलेलें दुखणें

मध्यंतरीं साताऱ्याहून एका वाचक भगिनीचें चार पानी पत्र आमच्याकडे आलें. पत्र त्यांच्या कन्येविषयीं आहे. कन्येचें सासर सांगलीस. लग्नाला सहा वर्षें झालीं. घर चांगलें, जांवई मनमिळाऊ, कशाचीहि ददात नाहीं. परंतु अद्याप कूस उजवली नाहीं. अशा आशयाचीं पत्रें आम्हांस नेहमींच येतात. पण तिसऱ्या पानावरील मजकुरापाशीं आम्ही थांबलों. बाई लिहितात, "चवदाव्या वर्षापासून दर महिन्यास दोन दिवस तिला अंथरुणांतून उठवत नसे. मीच म्हणत असें, लग्न झालें कीं बरें होईल. लग्न झाल्यावर विहीणबाई म्हणाल्या, मूल झालें कीं बरें होईल. आतां मूल होत नाहीं आणि दुखणेंहि थांबत नाहीं. यांत आमचें कोठें चुकलें, आणि आतां आम्हीं काय करावें?"

चौथ्या पानावर उपचारांची हकीकत आहे. एके ठिकाणीं नळ्यांचा एक्स-रे काढला. नळ्या मोकळ्या आहेत, काळजीचें कारण नाहीं, असें सांगण्यांत आलें. दोन वर्षांनीं दुसऱ्या ठिकाणीं, एक नळी बंद दिसते, आतां वेळ न दवडतां टेस्ट-ट्यूब बेबीच्या मार्गाला लागा, असा सल्ला मिळाला. तिसऱ्या ठिकाणीं डाव्या अंडाशयावर गांठ निघाली व ती कापून काढावी असें ठरलें. घरांतील एका वडील बाईंनीं नवस सुचविला. याप्रमाणें मतें चार झालीं आणि मुलीचें दुखणें होतें तेथेंच राहिलें.

या भगिनीला आम्हीं खासगी उत्तर धाडलेंच आहे. परंतु अशीं दुखणीं अनेक घरांतून निमूटपणें सोसलीं जात असतात. म्हणून त्यांच्या अनुमतीनें, ओळख पटेल अशा खुणा गाळून, हा विषय या महिन्यांत येथें घेत आहों. आम्ही डॉक्टर नव्हे, औषध सांगणें हें आमचें काम नव्हे. पण डॉक्टरांपुढें जातांना काय सांगावें, काय विचारावें आणि कोणत्या क्रमानें जावें, एवढें गृहिणींना ठाऊक असणें अवश्य आहे.

आमच्या घरांतून या गोष्टीविषयीं बोलावयाचें नाहीं, ही जुनी रीत. पूर्वीं "कावळा शिवला" एवढ्यावर सारें भागत असे आणि बाई तीन दिवस बाजूला बसे. ती चाल गेली, तें योग्यच झालें. पण तिच्याबरोबरचें मौन मात्र गेलें नाहीं. आजची मुलगी दोन गोळ्या गिळून कॉलेजांत किंवा कचेरींत जाते, आणि कोणी विचारलें तर "डोकें दुखतें" म्हणून सांगते. वास्तविक असल्या विषयांना महाराष्ट्रांत छापील वाचा फुटून पुष्कळ काळ लोटला. रघुनाथ धोंडो कर्वे यांचें 'समाजस्वास्थ्य' १९२७ सालीं निघालें. आज सांगली जिल्ह्यांत असलेल्या किर्लोस्करवाडीहून 'स्त्री' मासिक १९३० सालीं सुरू झालें. छापील पानाला जें साधलें तें माजघराला अजून साधलेलें नाहीं, इतकाच याचा अर्थ.

वरील पत्रांतील लक्षणें पाहतां डॉक्टरांनीं ज्या रोगाचा विचार प्रथम करावा, त्याचें नांव एंडोमेट्रिऑसिस. नांव अवघड असलें तरी गोष्ट समजण्यास कठीण नाहीं. गर्भाशयाच्या आंतल्या बाजूस एक मऊ अस्तर असतें. दर महिन्यास तें वाढतें आणि गर्भ न राहिल्यास पाळीवाटे गळून जातें. कांहीं स्त्रियांच्या शरीरांत या अस्तरासारख्याच पेशी गर्भाशयाबाहेर, म्हणजे अंडाशयावर, नळ्यांवर, आंतड्यावर किंवा मूत्राशयावर रुजतात. पाळीच्या चक्राबरोबर त्याहि वाढतात व त्यांतूनहि रक्त येतें. परंतु त्या रक्ताला बाहेर पडावयास वाट नसते. तें तेथेंच सांचतें, भोंवतालचा भाग सुजतो, आणि हळूहळू एक अवयव दुसऱ्यास चिकटत जातो. अंडाशयांत असें जुनें रक्त सांचून गांठ झाली म्हणजे आंतील द्रव काळपट तांबूस व दाट असतो; म्हणून तिला 'चॉकलेट सिस्ट' म्हणतात.

पाळीचें कांहीं रक्त नळ्यांतून उलट दिशेनें पोटांत उतरतें आणि त्यांतील पेशी तेथें रुजतात, अशी उपपत्ति अमेरिकेंतील डॉ. जॉन सॅम्पसन यांनीं १९२७ सालीं मांडली. मात्र हा उलटा प्रवाह बहुतेक स्त्रियांत कमीअधिक होतच असतो, आणि रोग थोड्यांनाच जडतो. तेव्हां शरीराची प्रतिकारशक्ति व आनुवंशिकता यांचाहि यांत भाग असावा असें मानतात. आईला किंवा बहिणीला हा रोग असल्यास मुलीला तो होण्याचा संभव अधिक. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें मूल होण्याच्या वयांतील सुमारें १० टक्के स्त्रियांना, म्हणजे जगांत सुमारें १९ कोटी स्त्रियांना, हा रोग आहे. मंगळागौरीला वीस जणी जमल्या तर त्यांतल्या दोघी हें दुखणें अंगावर घेऊन फुगडी घालीत असतील, असा याचा अर्थ होतो. आणि लक्षणें सुरू झाल्यापासून रोगाचें नांव कळेपर्यंत कित्येक वर्षें जातात, असा अनुभव सुधारलेल्या देशांतहि आहे.

पाळीच्या वेळीं ओटीपोटांत थोडी कळ येणें हें पुष्कळ जणींच्या बाबतींत स्वाभाविक असतें. ओवा, शेक किंवा एखादी साधी गोळी एवढ्यानें ती थांबते. परंतु दर महिन्यास शाळा किंवा काम बुडावें इतकें दुखणें. वर्षागणिक तें वाढत जाणें. पाळीच्या दिवसांत शौचाला अगर लघवीला वेदना होणें. पतिसहवासाच्या वेळीं खोलवर दुखणें. पाळी नसतांनाहि ओटीपोट व कंबर भरून येणें. हीं लक्षणें "बाईचा जन्म" म्हणून सोडून देण्यासारखीं नाहींत. यांतील एक-दोन गोष्टी आईपाशींहि बोलतां येत नाहींत, हें आम्ही जाणतों. म्हणूनच मुलीला डॉक्टरीणबाईंपाशीं थोडा वेळ एकटीला बोलूं द्यावें. आपल्या आनंदीबाई जोशी यांनीं १८८३ सालीं, अमेरिकेस जाण्यापूर्वीं श्रीरामपूर येथील व्याख्यानांत, या देशाला स्त्री-डॉक्टरांची निकड आहे हेंच कारण पुढें केलें होतें. त्यांचें स्वतःचें तान्हें मूल दहा दिवसांतच गेलें होतें.

आतां नळ्यांकडे वळूं. गर्भाशयाच्या दोन्ही बाजूंस एक एक बारीक नळी असते. पाद्वा येथील फालोप्पिओ या शरीरशास्त्रज्ञानें १५६१ च्या आपल्या ग्रंथांत या नळ्यांचें वर्णन केलें, म्हणून त्यांना फॅलोपियन ट्यूब म्हणतात. नळी म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें पाण्याचा नळ येतो, आणि ती मोकळी किंवा बंद, एवढाच प्रश्न उरतो. पण ही नळी जिवंत आहे. तिच्या टोकाला बोटांसारखी झालर असते. अंडाशयांतून सुटलेलें स्त्रीबीज ती झालर टिपून घेते. नळींतच स्त्रीबीज व पुरुषबीज यांचें मीलन होतें, आणि नळीच्या आंतील सूक्ष्म केस व तिचें आकुंचन यांच्या योगें गर्भ गर्भाशयाकडे नेला जातो. एंडोमेट्रिऑसिसमुळें नळी चिकटून वांकडी झाली, झालर अंडाशयापासून दूर ओढली गेली, अगर भोंवतालच्या सुजेनें तिचें काम मंदावलें, तर नळी "मोकळी" असूनहि बीज टिपलें जात नाहीं. म्हणून एक्स-रेमध्यें औषध आरपार गेलें एवढ्यावरून सर्व ठीक आहे असा निर्वाळा देतां येत नाहीं. नळीबाहेरचा रोग त्या चित्रांत उमटत नाहीं. उलटपक्षीं, तपासणीच्या वेळीं नळीचें मूळ आंवळलें जाऊन मोकळी नळीहि बंद दिसूं शकते. पत्रांतील कन्येच्या दोन तपासण्यांत जो विरोध दिसतो, त्यांत कोणी खोटें बोललें असेंच नाहीं. त्या तपासणीची मर्यादाच तेवढी आहे.

नळ्या बिघडण्याचें कारण एंडोमेट्रिऑसिस हें एकच नव्हे. गर्भपातानंतरचा किंवा अन्य जंतुसंसर्ग, पूर्वीं फुटलेलें अपेंडिक्स, हीं कारणें आहेतच. आणि आपल्या देशांत विसरतां कामा नये असें कारण म्हणजे क्षयरोग. फुप्फुसांतील क्षयाचे जंतु रक्तावाटे नळ्यांत येऊन वर्षानुवर्षें गुपचूप राहतात. ताप नाहीं, खोकला नाहीं, आणि मूल होत नाहीं एवढेंच लक्षण. घरांत कोणाला क्षय झाला असल्यास तें डॉक्टरांपासून लपवूं नये. यांत अब्रू जाण्यासारखें कांहीं नाहीं. रोग ठरल्यास महिनोन्महिने औषध नियमानें घ्यावें लागतें, आणि सरकारी दवाखान्यांत तें विनामूल्य मिळतें.

मग योग्य उपचार कोणता? आमच्या मतें तो कोणत्या यंत्रानें होतो यापेक्षां कोणत्या क्रमानें होतो हें महत्त्वाचें आहे.

पहिली पायरी पतीच्या तपासणीची. साताऱ्याच्या चार पानी पत्रांत जांवयांच्या तपासणीचा शब्दहि नाहीं. मूल न होण्याच्या पुष्कळ प्रकरणांत दोष सर्वस्वीं किंवा अंशतः पुरुषाकडे असतो; आणि त्याची प्राथमिक तपासणी एका दिवसांत, कोणतीहि कापाकाप न होतां, अल्प खर्चांत होते. ती टाळून बाईचे एक्स-रे आणि शस्त्रक्रिया करीत सुटणें हा अन्याय तर आहेच, शिवाय मूर्खपणाहि आहे.

दुसरी पायरी नीट ऐकून घेण्याची. दुखणें केव्हां सुरू झालें, महिन्याच्या कोणत्या दिवशीं येतें, किती गोळ्या लागतात, किती दिवस कामें बुडतात, हें सर्व तीन महिने वहींत टिपून ती वही बरोबर न्यावी. त्यानंतर तपासणी व जाणकार हातानें केलेली सोनोग्राफी. जरूर वाटल्यास एम्.आर्.आय्. पूर्वीं दुर्बिणीनें पोटांत पाहिल्याशिवाय हा रोग ठरत नाहीं असें मानीत. २०२२ सालीं युरोपांतील वंध्यत्वतज्ज्ञांच्या संस्थेनें प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनांत हा आग्रह सोडला आहे. लक्षणें व चित्रें यांवरूनहि उपचार सुरू करतां येतात. मात्र सोनोग्राफींत कांहीं दिसलें नाहीं म्हणजे रोग नाहीं, असेंहि नव्हे.

तिसरी पायरी म्हणजे आपणांस प्रथम काय पाहिजे, हें त्या स्त्रीनें स्वतः ठरविणें. दुखणें थांबावें हा हेतु असेल तर हार्मोनच्या गोळ्यांनीं पुष्कळ जणींना चांगला आराम पडतो. पण त्या चालू असतां गर्भ राहत नाहीं, आणि त्या बंद केल्यावर गर्भ लवकर राहतो असेंहि नाहीं. मूल हवें असेल तर मार्ग निराळे. रोग सौम्य असल्यास दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनें चिकटलेला भाग सोडवून कांहीं काळ स्वाभाविक रीतीनें वाट पाहतां येते. पुष्कळ जणींना त्यांत यशहि येतें. अंडाशयावरील गांठ काढतांना मात्र तिच्याबरोबर चांगलीं बीजेंहि कांहीं अंशीं नष्ट होतात. म्हणून वय, बीजांचा उरलेला सांठा आणि गांठीचा आकार यांचा विचार शस्त्रक्रियेच्या आधीं व्हावा. बीजांचा सांठा अजमावणारी ए.एम्.एच्. नांवाची रक्ताची तपासणी आतां जिल्ह्याच्या गांवीं होते. एकच गांठ पुनःपुन्हां कापणें शक्यतों टाळावें.

दोन्ही नळ्या निकामी असल्यास, अगर वय पुढें गेलें असल्यास, टेस्ट-ट्यूबचा मार्ग उरतो. त्या मार्गाचा जन्मच मुळीं बंद नळ्यांसाठीं झाला. २५ जुलै १९७८ रोजीं इंग्लंडांत जन्मलेल्या पहिल्या मुलीच्या आईच्या नळ्या बंद होत्या. त्याच वर्षीं ३ ऑक्टोबरला कलकत्त्यास डॉ. सुभाष मुखर्जी यांच्या प्रयत्नानें दुसरी मुलगी जन्मली. परंतु त्या विद्वानाची त्याच्या हयातींत उपेक्षाच झाली. मुंबईस के. ई. एम्. इस्पितळांत डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून ६ ऑगस्ट १९८६ रोजीं हा प्रयोग सफल झाला. या मार्गास लागण्यापूर्वीं एक गोष्ट विचारून घ्यावी. नळी बंद होऊन तींत पाणी सांचलेलें असल्यास तें गर्भाशयांत झिरपतें व गर्भ रुजूं देत नाहीं. अशी नळी आधीं काढून टाकल्यास किंवा बांधल्यास यशाचा संभव वाढतो. तसेंच, २०२१ च्या कायद्यान्वयें अशा केंद्रांची नोंदणी सक्तीची आहे. नोंदणीचा दाखला पाहण्यास संकोच करूं नये. आणि प्रत्येक प्रयत्न यशस्वी होतोच असें नाहीं, हें आधींच समजून पैशाची व मनाची तयारी करावी.

एक इशारा मात्र आम्हांस स्पष्टपणें द्यावयाचा आहे. "पिशवी काढून टाका म्हणजे कटकट मिटेल" हा सल्ला आपल्याकडे फार स्वस्त झाला आहे. बीड जिल्ह्यांतील ऊसतोड कामगार स्त्रियांची २०१९ सालीं पाहणी झाली, तेव्हां तेरा हजारांहून अधिक स्त्रियांचीं गर्भाशयें काढलेलीं आढळलीं. सातारा-सांगलीच्या साखर कारखान्यांचा ऊस तोडावयास येणाऱ्या टोळ्यांत बीडच्या स्त्रिया असतात; आपल्या डब्यांतील साखरेशीं त्यांच्या श्रमांचा संबंध आहे. पांढरपेशा घरांतहि हा सल्ला दिला जातो. फक्त तेथें त्याला शहाणपणाचें नांव मिळतें. एंडोमेट्रिऑसिसचें मूळ गर्भाशयाबाहेर पसरलेलें असतें. तें तसेंच राहिलें तर गर्भाशय काढूनहि दुखणें राहूं शकतें. कांहीं स्त्रियांच्या बाबतींत ती शस्त्रक्रिया योग्य असेल; पण ती शेवटची पायरी आहे, आणि दुसऱ्या तज्ज्ञाचें मत घेतल्यावांचून तिच्यावर पाऊल ठेवूं नये.

सातारा-सांगलीकडील भगिनींना उपचारासाठीं एकदम मुंबईच गांठली पाहिजे असें नाहीं. १९६० पर्यंत आजच्या सांगली जिल्ह्यास दक्षिण सातारा म्हणत; माहेर आणि सासर तेव्हां नांवानेंहि एकच होतें. या मुलखांत मिरजेस डॉ. वॉनलेस यांनीं १८९४ सालीं इस्पितळ उभारलें, आणि त्या लौकिकानें मिरज ही आरोग्यपंढरी झाली. तेथें १९६२ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. साताऱ्याहून सांगलीस येतांना वाटेवर कराडलाहि वैद्यकीय महाविद्यालयाचें मोठें रुग्णालय आहे. अशा ठिकाणीं स्त्रीरोग, शस्त्रक्रिया व क्षयरोग हे विभाग एकाच आवारांत असतात, हा लहान लाभ नव्हे. गुंतागुंतीच्या शस्त्रक्रियेसाठीं पुण्या-मुंबईस जावें लागलें तरी निदान जवळच व्हावें. जेथें जाल तेथें जुने एक्स-रे, सोनोग्राफीचे कागद आणि औषधांच्या चिठ्ठ्या तारीखवार लावून न्या. दरवेळीं नव्यानें सुरुवात झाल्यामुळें वर्षें वायां जातात. आणि या रोगांत पैशापेक्षां वर्षें महाग आहेत. एक वर्ष प्रयत्न करूनहि गर्भ न राहिल्यास तपासणी करावी; वय पस्तिशीपुढें असल्यास सहा महिन्यांनीं, आणि वर सांगितलेलें दुखणें असल्यास मुळींच वाट न पाहतां.

साताऱ्याच्या भगिनीला आम्हीं जें उत्तर दिलें तें थोडक्यांत असें. आपलें चुकलें तें एवढेंच कीं आपण दुखण्याचें औषध आधीं लग्नांत आणि मग मुलांत शोधलें. आपल्या आईनेंहि तेंच केलें असेल. तेव्हां दोष एकट्या आपला नव्हे. लग्न हें औषध नव्हे, मूल हेंहि औषध नव्हे. मूल होवो वा न होवो, मुलीच्या पोटांतली कळ थांबविणें हें स्वतंत्र कर्तव्य आहे, आणि तें आजच करण्यासारखें आहे. मूल होईलच असें वचन आम्ही देऊं शकत नाहीं; कोणी दिल्यास त्याच्यापासून सावध राहा. जांवयांची तपासणी करून घ्या. चारहि मतांचे कागद एकाच तज्ज्ञापुढें ठेवा. विहीणबाईंना हा लेख वाचावयास द्या. ओटी भरण्याच्या वेळीं सुनेला वगळूं पाहणाऱ्या आप्तांना त्याच अधिक चांगलें उत्तर देऊं शकतील. आणि शेवटचें म्हणजे, आपल्या चार पानांत विहीणबाईंचें वाक्य आहे, डॉक्टरांचें आहे, नवस सुचविणाऱ्या बाईंचें आहे. कन्येचें स्वतःचें एकहि नाहीं. तिला काय वाटतें तें तिलाच विचारा.

हा मजकूर छापावयास जाण्याच्या सुमारास सांगलीहून एक लहानसें पत्र आलें. अक्षर निराळें होतें. तींत लिहिलें होतें, "यजमानांची तपासणी झाली. मी वही घेऊन गेलें होतें. डॉक्टरीणबाईंनीं ती पहिल्या पानापासून वाचली. पुढें काय होईल तें होवो. पण 'इतकीं वर्षें तुम्हीं हें सोसलें कसें?' असें मला प्रथमच कोणी विचारलें."

आपल्या घरांतील मुलीला हा प्रश्न विचारण्यास डॉक्टरच पाहिजे असें नाहीं.